घसरून पडणे आणि नुकसानभरपाईचा हक्क : एक अभ्यास

माणूस घसरून पडला की आपल्या खेड्यापाड्यांत दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, "नशिबात होतं." दुसरे, "खाली पाहून चालता येत नाही का?" पहिल्या वाक्याने दोष दैवावर जातो आणि दुसऱ्याने तो पडलेल्याच्याच डोक्यावर बसतो. उघडी नाली कोणी ठेवली, परांचीची फळी कोणी बांधली, एसटीच्या पायरीवरून बाई उतरत असताना घंटी कोणी दिली, हे विचारण्याची वेळच येत नाही. तोवर पाय प्लास्टरमध्ये गेलेला असतो आणि घरातली मजुरी बंद पडलेली असते.

समाजबांधवांना या विषयाची तोंडओळख व्हावी म्हणून आम्ही हा अभ्यासलेख लिहीत आहोत. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत आपला समाज प्रामुख्याने मोलमजुरीवर जगतो. पगारदार माणसाचे मनगट मोडले तर त्याला रजा मिळते. शेतमजूर स्त्रीचे मनगट मोडले तर सोयाबीनचा सगळा हंगाम हातचा जातो. म्हणून हा विषय केवळ वकिलांचा आहे असे आम्ही मानत नाही.

दोष कोणाचा, हे कायदा कसा ठरवतो

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नुसते पडल्याने भरपाईचा हक्क निर्माण होत नाही. भर पावसात स्वतःच्याच अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला तर त्याला दुसरा कोणी जबाबदार नाही. कायद्याच्या भाषेत 'निष्काळजीपणा' सिद्ध करण्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : समोरच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही, आणि त्यामुळेच आपल्याला इजा झाली. यांपैकी तिसरी गोष्ट लोक विसरतात. दुकानाची फरशी ओली होती हे खरे असेल, परंतु आपण त्या फरशीवरून न घसरता पायरीवर तोल जाऊन पडलो असू, तर ओल्या फरशीचा पुरावा काही कामाचा नाही.

या तत्त्वाचा उगम इंग्लंडमधील आहे. १८६६ साली लंडनच्या एका साखर कारखान्याचा दावा निकाली निघाला. गॅसचे काम करणारा एक कारागीर तपासणीसाठी त्या कारखान्यात गेला होता. वरच्या मजल्यावर कठडा नसलेले एक मोकळे भोक होते, त्यातून तो खाली पडला. जो माणूस कामानिमित्त आपल्या जागेत येतो, त्याला न दिसणाऱ्या परंतु आपल्याला ठाऊक असलेल्या किंवा असायला हव्या अशा धोक्यापासून वाचवणे हे जागेच्या ताबेदाराचे कर्तव्य आहे, असे त्या निकालाने ठरले. इंग्लंडने पुढे १९५७ साली यासाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे तसा एकत्रित कायदा आजही नाही. आपली न्यायालये जुनी तत्त्वे, न्यायबुद्धी आणि पूर्वीचे निकाल यांच्या आधारे निर्णय देतात. त्यामुळे पुरावा जितका पक्का तितका दावा पक्का, हे सूत्र आपल्याकडे अधिकच लागू पडते.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जबाबदारीबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसे मेली. मनोरा सुमारे ऐंशी वर्षांचा होता आणि तशा बांधकामाचे आयुष्य जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे होते. १९६६ साली न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतची इमारत ज्याच्या मालकीची आहे त्याने ती सुरक्षित ठेवलीच पाहिजे, 'दोष आतून होता, दिसला नाही' ही सबब चालणार नाही, असे ठरले. याउलट राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एका नोकरदाराचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात १९९७ साली न्यायालयाने महापालिकेला जबाबदारीतून मोकळे केले, कारण प्रत्येक झाडावर नित्य पाळत ठेवण्याइतके कर्तव्य पालिकेवर लादता येणार नाही असे त्यास वाटले. आम्हाला हा दुसरा निकाल मृताच्या कुटुंबावर कठोर वाटतो. पण त्यातून शिकण्यासारखे आहे ते हे की, धोका पालिकेला ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता हे दाखवणे पडलेल्या माणसाच्या हिताचे असते. उघड्या नालीबद्दल अपघातापूर्वी मोहल्ल्यातील चार लोकांनी दिलेला एक अर्ज आणि त्यावरची पोहोच म्हणूनच फार मोलाची ठरते. असे अर्ज देण्याची सवय आपल्या वस्त्यांनी लावून घ्यावी आणि पोहोचेची प्रत जपून ठेवावी.

खड्डे आणि उघडी गटारे : मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल

या विषयावरचा अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आपल्याच राज्यातला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी रस्त्यांच्या दुरवस्थेबद्दल पत्र लिहिले आणि २०१३ साली न्यायालयाने त्याचीच स्वतःहून जनहित याचिका करून घेतली. सुस्थितीतील रस्ता मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या याचिकेत २०१५ साली सांगितले गेले. नंतर वर्षामागून वर्षे आदेश निघाले आणि खड्डे मात्र जागच्या जागी राहिले. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले, हे अनेकांना स्मरत असेल.

अखेर १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने रक्कमच ठरवून दिली. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झाल्यास जखमेच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. ही रक्कम ठरवण्यासाठी समित्या असाव्यात, त्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असावेत, दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यावेत, आणि जबाबदार ठेकेदार व अधिकारी यांच्याकडून ते वसूल करावेत, असे त्यात सांगितले आहे. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथे नगर परिषदा आहेत, मालेगाव व मानोरा येथे नगर पंचायती आहेत. हा निकाल मुंबई-पुण्याच्या मोठ्या रस्त्यांपुरताच आहे अशा समजुतीत आपल्याकडच्या माणसाने घरी बसू नये. अर्ज करावा, त्याची पोहोच घ्यावी, एक प्रत विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी.

नगर परिषदेविरुद्ध वेगळा दिवाणी दावा करायचा असेल तर मात्र घड्याळाकडे पाहावे लागते. महाराष्ट्र नगर परिषद, नगर पंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०४ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. शासनाविरुद्ध, उदाहरणार्थ सार्वजनिक बांधकाम खात्याविरुद्ध, दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. खासगी जागामालकाविरुद्ध मुदत साधारण तीन वर्षांची आहे. अपघाती मृत्यूबद्दल वारसांनी १८५५ च्या कायद्याखाली करायच्या दाव्याला दोन वर्षे मिळतात. "हाड जुळलं की मग बघू" असे म्हणत बसणाऱ्याचा सहा महिन्यांचा काळ प्लास्टर, मालिश आणि पुन्हा दाखवणे यांतच निघून जातो. न्यायालयात दावा पुराव्याअभावी हरला तर निदान भांडल्याचे समाधान असते. मुदतीवर हरला तर तेही नसते.

कामावर पडलेला माणूस

आपल्या समाजातील सर्वाधिक माणसे पडतात ती कामावर. विहिरीचे काम, स्लॅबचे काम, पुण्या-मुंबईच्या इमारतींवरील परांची, गोदामात पोती वाहताना लावलेली फळी. येथे कायद्याचे तत्त्वच निराळे आहे. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे पुरे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हे तत्त्व आणले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली, परंतु तत्त्व तेच आहे. नव्या संहितेत एक भर पडली आहे : घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला जातो.

"तू माझा माणूस नाहीस, मुकादमाचा आहेस," असे मूळ मालक सांगतो. "मी गरीब मुकादम, मी कोठून देऊ?" असे मुकादम सांगतो. या दोघांच्या मध्ये मजूर लोंबकळत राहतो. कायद्याने ही वाट आधीच बुजवलेली आहे. मालकाच्या धंद्याचेच काम ठेकेदारामार्फत होत असेल तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. दुसरी युक्ती कोऱ्या स्टॅम्पपेपरची. दवाखान्याच्या खाटेवर पाच-दहा हजार रुपये हातावर ठेवून "माझी काही तक्रार नाही" असे लिहून घेतात. मजुराने आपला हक्क असा खासगीत सोडून दिला तरी कायदा ते मानत नाही, तडजोड सक्षम अधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते. तरीदेखील अंगठा देण्याचे टाळावे हेच बरे, कारण तो कागद पुढे खोडत बसण्यात वर्षे जातात. मजुराने स्वतः चूक केली म्हणून त्याची भरपाई बुडते असेही नाही. नशेत असणे किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे अशा थोड्याच सबबी मालकाला मिळतात.

बांधकाम मजुरांसाठी महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आहे. मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्यास तेथे नोंदणी करता येते आणि नोंदीत मजुराच्या कुटुंबाला अपघाती मृत्यूत अर्थसाहाय्य मिळते. ही नोंदणी अपघातानंतर होत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून चालू आहे. उंचावरून पडणे, विहिरीत पडणे, साप चावणे अशा अपघातांत मृत्यू आल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावयाचा असतो. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यासाठी व त्याच्या कुटुंबातील आणखी एका माणसासाठी आहे. त्याच शेतात, त्याच मळणीयंत्रावर काम करणाऱ्या भूमिहीन मजुराला ती लागू नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या सातबारा आला नाही त्यांना मदतही सातबाऱ्यावरच तोलून दिली जावी, हे आम्हाला पटत नाही. अशा मजुराने शेतमालकाकडे भरपाई मागावी, आणि गावात राहून ती मागणे किती कठीण असते हे आम्ही वेगळे सांगायला नको.

एसटी आणि आगगाडी

एसटीतून उतरताना गाडी सुटली आणि माणूस पडला, तर तो मोटार अपघातच होय. मोटार वाहन कायद्याखाली अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि तो अपघात घडला त्या ठिकाणी किंवा अर्जदार राहतो त्या ठिकाणी देता येतो. १ एप्रिल २०२२ पासून या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली गेली. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु दुसऱ्याच्या आव्हानावर आपला दावा टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. तिकीट जपून ठेवावे, गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा, वाहकाला तेथेच नोंद करायला सांगावे.

अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाल्यावर वाशीमहून रेल्वेने जाणारे वाढले. चालत्या गाडीतून पडणे, चढता-उतरताना पडणे, याबद्दल रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे रेल्वेचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती ८ लाख रुपये आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात करावा लागतो, त्याचे एक पीठ नागपूरला आहे. मृताच्या अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी यांच्या प्रकरणात सांगितले. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा किंवा आजार असेल तर मात्र काही मिळत नाही. आणि नुसते फलाटावरच्या केळीच्या सालीवरून घसरला, गाडीशी संबंध नाही, तर हे कलम लागू पडत नाही. तेथे निष्काळजीपणाचाच दावा करावा लागतो.

हॉटेल, मंगल कार्यालय, खासगी दवाखाना अशा पैसे देऊन सेवा घेतलेल्या ठिकाणी पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. मुदत दोन वर्षे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

पुरावा आणि रक्कम

पडल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत जे केले जाते त्यावर पुढची दोन वर्षे उभी राहतात. सोबतच्या माणसाने जागेचा फोटो काढावा. नंतर नाली झाकली जाते, फरशी पुसली जाते आणि "येथे कधी काही नव्हतेच" असे ऐकावे लागते. ज्यांनी पाहिले त्यांची नावे लिहावीत. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नये, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. हाडवैद्याकडे जायचेच असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवावे आणि केसपेपरवर 'कसे पडले, कोठे पडले' हे खरे तेच लिहून घ्यावे. डॉक्टरांनी विचारल्यावर संकोचाने "घरीच पडलो" असे सांगणारे पुष्कळ असतात, तो एक शब्द पुढे सगळा दावा बुडवतो. पोलीस ठाण्यात नोंद करावी. रस्ता कोणाच्या ताब्यात, ठेका कोणाला, शेवटची दुरुस्ती केव्हा, हे माहितीच्या अधिकारात मागवता येते.

किती मागावे, याविषयी २०१० सालचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक मजुराच्या वकिलाने वाचलेला असावा. प्रमाणपत्रावर अपंगत्व किती टक्के लिहिले आहे यापेक्षा त्यामुळे कमाई किती टक्के बुडाली हे पाहावे, असे तो सांगतो. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळीच जाते, कार्यालयातल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. प्रमाणपत्र दोघांचे सारखेच असते. निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईचा गुडघा २० टक्के निकामी झाला असे जिल्हा शल्य चिकित्सकांनी लिहिले, तरी तिला आता उकिडवे बसताच येत नाही हे न्यायालयापुढे सांगणारा कोणी हवा. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही पैशांत किंमत आहे, हे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले. "बाई तर घरीच असते" हे विमा कंपनीच्या वकिलाचे वाक्य आता तितकेसे चालत नाही.

वकिलाची फी कोण देणार, हा प्रश्न शेवटी येतोच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अपंग, कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींनाही केंद्राच्या यादीत तो दर्जा कायम राहिला, म्हणून जातीचे प्रमाणपत्र घरात तयार असावे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० हा फोन क्रमांक देशभर चालतो. दाव्याची कोर्ट फी भरण्याची ऐपत नसल्यास निर्धन म्हणून दावा दाखल करण्याची परवानगी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली मागता येते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वी रिसोडच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याची एसटी धरावी लागे. आता तेवढे अंतर तरी कमी झाले आहे.

आपल्या विहाराविषयी

एक गोष्ट अवघड असली तरी लिहिणे भाग आहे. वर सांगितलेले ताबेदाराचे कर्तव्य दुसऱ्यांना आहे तसे आपल्यालाही आहे. विहार, समाजमंदिर, वाचनालय ज्या संस्थेच्या ताब्यात आहे ती संस्था त्या जागेची ताबेदार. बुद्ध पौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला शेकडो माणसे येतात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीभोवती चिखल होतो, गुळगुळीत फरशीवर ओले पाय येतात, गच्चीच्या जिन्याला कठडा नसतो आणि मंडपाची वायर पायात येते. त्या दिवशी एखादी म्हातारी उपासिका पडली, तर "धर्मकार्यात कसली भरपाई?" असे म्हणणे हे ठेकेदाराच्या "तू माझा माणूस नाहीस" या उत्तराहून फारसे वेगळे होणार नाही. बहुतेक ठिकाणी जिन्याला एक लोखंडी नळी, टाकीखाली खडबडीत शहाबादी फरशी आणि पायऱ्यांवर एक दिवा एवढ्यावर काम भागते. वर्गणीतून रंगरंगोटीच्या आधी हे व्हावे असे आम्ही सुचवतो. कार्यक्रमात कोणी पडले तर त्याची तारीख, वेळ, जागा आणि साक्षीदार यांसह नोंद संस्थेच्या वहीत त्याच दिवशी करावी व तिची प्रत पडलेल्या माणसाच्या घरच्यांना द्यावी, मग ती नोंद पुढे संस्थेच्याच विरुद्ध वापरली जाणार असली तरी.